सत्त्याहत्तर पत्ते

भुसावळच्या रद्दीवाल्याकडे मिळाला हा कॅट,
रबरबँड लावलेला.
तो म्हणाला, रमीचे नाहीत बरं, वीस रुपये द्या.
घरी येऊन मोजले : सत्त्याहत्तर.
अठ्ठ्याहत्तर असतात म्हणे.
पेल्यांमध्ये पाचानंतर थेट सात.
सहा नाही.

मी सावद्याला केळीच्या चेंबरवर हिशेब लिहिते.
मे महिन्यात बाहेर सेहेचाळीस, आत सोळा.
गॅस सोडला की दिवसभर दार बंद,
दुसऱ्या दिवशी उघडून हवा खेळवायची,
आणि मग अर्धा तास तिथे कुणाचंच काम नसतं.
तेवढा माझा.
क्रेटवर पोतं, पोत्यावर मी,
अंगात नवऱ्याचा जुना स्वेटर,
गुडघ्यावर एकच पत्ता.

आधी नुसतं बघायचं.
मग डोळे मिटून
चित्राची चौकट उंबऱ्यासारखी ओलांडायची.

पहिल्या दिवशी उलटा टांगलेला माणूस निघाला.
मी जवळ गेले, विचारणार होते, दुखत नाही का,
तर तोच म्हणाला,
कालच्या पानावर तुझी बेरीज चुकली आहे.
खरंच चुकली होती. साडेतीनशेनं.
दिवसभर हसत होते मी, एकटीच.

मनोऱ्यावर वीज पडते, माणसं कोसळतात, असं चित्र आहे.
मी पोचले तेव्हा पडून गेलं होतं सगळं.
रखरखीत उन्हात एक बाई विटा निवडत होती,
धड वेगळ्या, फुटक्या वेगळ्या.
ओळख ना पाळख,
तिनं माझ्यापुढे टोपलं सरकवलं.

चंद्राचा पत्ता मात्र मी टाळते.
त्यातल्या पाण्यातून काहीतरी नांग्या वर काढत येतं.
हतनूरच्या मागे तापी अशीच असते रात्री,
थांबलेली, जाड.
काठापर्यंत जाते.
चप्पल काढते.
परत घालते.

सुकलाल वॉचमन दारातून डोकावतो :
"काय सांगी राह्यले व ताई तुमचे पत्ते?
माह्या पोराचं कधी जुळीन?"
पत्ते सांगत नाहीत रे, विचारतात.
"मंग माले नको. इचारनारे घरी लय हायेत."

सहा पेल्यांच्या जागी
केळीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून ठेवलाय मी,
त्याच मापाचा, कोरा.
भाची म्हणते, मावशी, मोबाईलवर बघ ना, एका मिनिटात दिसेल.
दिसेल. म्हणूनच नाही बघितलं.

शनिवारी पुठ्ठा घेऊन बसते.
कोऱ्याला उंबरा नसतो,
कुठून आत जायचं तेच कळत नाही.
कधी चार पेले दिसतात. कधी नुसतेच ओले गोल,
पेले उचलून नेल्यावर फरशीवर राहतात तसे.
पुष्कळदा काहीच नाही,
डिझेलचा वास, गार पडलेले घोटे,
आणि डोक्यात मजुरांच्या हजेऱ्या.

या शनिवारी
सहाही होते. उपडे घातलेले,
शेणानं सारवलेल्या ओट्यावर.
समोर एक पोर उकिडवं बसलेलं,
मुलगा की मुलगी, सांगता येणार नाही,
गुडघ्यावर खरचटलेलं.
म्हणालं, ओळख.
काय ओळखू, खाली काय आहे, की तू कोण,
हे विचारायचं सुचलंच नाही.
एका पेल्याखाली काहीतरी हललं, किंवा
माझाच हात थरथरला असेल.
पन्नाशीची बाई मी,
हात पुढे केला
आणि या वेळी मागे नाही घेतला.
बोटांना पितळेचा गारवा लागला, एवढं नक्की.

तेवढ्यात पंखे सुरू झाले.
बाहेर ट्रक लागला होता, सुकलाल हाका मारत होता.
क्रेटमधली फणी उचलून उजेडात धरली,
देठाशी हिरवी, पोटाशी जरा उजळ.
रंग नेमका कधी बदलतो
ते इतक्या वर्षांत मी एकदाही पाहिलेलं नाही.

रजिस्टर उघडून लिहिलं :
चेंबर तीन. रंग दोन.
अजून दोन दिवस.